चालू नियमांचा गठ्ठा

हे टिपण मी एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहावयास घेतले. प्रश्न असा होता : घरच्या ओसरीवर बसून, स्वतःच्या दोन हातांनी चपला शिवणाऱ्या माणसाला आज सरकारचे नेमके कोणते नियम लागू आहेत आणि कोणते रद्द झाले आहेत? मी तीस वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. उत्तर एका पानात बसेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पान भरू लागले तसतसे नियम मागे पडत गेले आणि हा प्रश्न जे आयुष्यभर विचारत राहिले, तेच गृहस्थ पुढे येत राहिले. तेव्हा आधी त्यांच्याविषयी लिहितो.

आमच्या शाळेत पूर्वी चर्मकाम हा विषय शिकवला जात असे. वर्धेकडच्या जुन्या शाळांत सूतकताई होती, तसे आमच्याकडे हेही होते. तो विषय शिकवणाऱ्या या गृहस्थांना आम्ही सारे ‘भाऊ’ म्हणत असू. पुढे ते पदच रद्द झाले. भाऊंनी बोरगाव मेघे येथल्या आपल्या घराच्या ओसरीवर शिवायची आरी, कातडे कापायची रापी आणि लोखंडी ऐरण मांडली आणि शाळेत शिकवत होते तेच काम घरी सुरू केले. एवढाच त्यांच्या आयुष्यातला बदल. सकाळी साडेदहाला ते बैठकीवर बसत आणि पाचला उठत. शाळेची घंटा त्यांच्या अंगात मुरलेली होती.

गिऱ्हाइकाने स्वतः आल्याशिवाय ते माप घेत नसत. वर्तमानपत्रावर दोन्ही पाय ठेवायला लावत, पेन्सिलीने कड आखत आणि माणसाला एकदा ओसरीच्या टोकापर्यंत चालायला सांगत. माझा डावा पाय लहानपणी मोडल्यामुळे किंचित आखूड आहे. हे मी शाळेत कुणालाही सांगितले नव्हते. भाऊंनी मला चार पावले चालताना पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, डाव्या टाचेखाली दोन कागदाएवढं कमी हाय. सांगाचं ना बाप्पा!” तेव्हापासून माझ्या डाव्या चपलेच्या टाचेत, वरच्या चामड्याखाली, ते जाड कागदाच्या घड्या घालून देत. मी सरळ चालू लागलो.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण होती. भाऊ ज्या संस्थेत कातडे कमवायला शिकले, तेथे केवळ आपोआप मेलेल्या जनावराचेच कातडे वापरत. प्रत्येक कातड्याला तेथे एक चिठ्ठी बांधायची असा शिरस्ता होता. जनावराचे नाव, मालकाचे गाव, वय आणि मृत्यूचे कारण असा चार ओळींचा मजकूर त्या चिठ्ठीवर असे. संस्थेचे दिवस सरले, चिठ्ठीचा शिरस्ता भाऊंनी सोडला नाही. पुढे त्यात त्यांनी स्वतःची भर घातली. चप्पल तयार झाली की आतल्या तळावर, जेथे टाच टेकते तेथे, ते त्या जनावराचे नाव न पुसणाऱ्या शाईने लिहीत. आमच्या मुख्याध्यापिका एकदा हसत म्हणाल्या, “भाऊ, माझ्या पायात कोण आहे?”

“बाई, तुमच्या पायात राजा हाय. स्वभावानं लय गरीब होता. तुम्हाले सांभाळून घेईल.”

स्टाफरूममध्ये हशा पिकला. भाऊ हसले नाहीत. चपलेचे कौतुक करणारे, परंतु भाऊंच्या ओसरीवरच्या सतरंजीवर बसायचे टाळणारे काही लोकही त्या हशात होते. भाऊंना ते ठाऊक होते. असल्या माणसांना ते बसा म्हणत नसत, उभ्यानेच माप घेत.

आता मुख्य सवयीकडे वळतो. चपलेचा नमुना कापायला जाड कागद लागतो. भाऊंना तो सरकारी परिपत्रकांतून मिळे. पंचायतीची पत्रे, जुने परवाने, सूचनांचे तक्ते, शाळेत आलेली आणि फेकायला काढलेली आदेशपत्रे असे सारे कागद ते गोळा करून आणत. मात्र कापण्यापूर्वी कागद दोन्ही बाजूंनी वाचत आणि मधल्या सुट्टीत माझ्यासमोर धरत.

“मास्तर, एक विचारू का? हा नियम चालू हाय का गेला?”

मी ‘गेला’ म्हणालो, तर तो कागद रापीखाली जाई आणि त्यातून कुणाच्या तरी पावलाचा आकार निघे. ‘चालू’ म्हणालो, तर ते त्याची घडी करून खिशात घालत व घरी खाटेखालच्या गठ्ठ्यात ठेवत. चालू असलेल्या नियमावर सुरी चालवू नये, असा त्यांचा दंडक होता. पद रद्द झाल्यानंतरही ही विचारपूस थांबली नाही. भाऊ आठवड्यातून दोनदा माझ्या घरी येत. परिणाम असा झाला की नमुन्यांची पेटी तेवढीच राहिली आणि खाटेखालचा गठ्ठा वाढत गेला. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, एकदा मला चहा देताना म्हणाल्या, “घरात पाय ठिवाले जागा नाई मास्तर. खाटेवर आमी झोपतो अन् खाटेखाली सरकार झोपते.”

भाऊंचे प्रश्न बाहेरून हास्यास्पद वाटत, परंतु त्यांत एक भीती असे. ती भीती निराधार नव्हती, हे मला उशिरा कळले. कातडे कमवायला बाभळीची साल लागते. साल आणली की वनखाते विचारते. साल भिजवलेले पाणी हौदातून सोडले की प्रदूषणाचा नियम येतो. जनावर कशाने मेले, हे पशुवैद्यकीय दवाखान्याने सांगायचे. ते उचलण्याची मुभा ग्रामपंचायतीने द्यायची. रस्त्याने नेताना पोलिसांनी पाहायचे. चपलेवर प्रमाणपत्राची खूण लागणार, अशी बातमी आली तेव्हा भाऊ दोन रात्री झोपले नाहीत. लहान कारागिरांना त्यातून सूट आहे, असे मी चौकशी करून सांगितले. त्यावर त्यांचा प्रश्न, “लहान म्हणजे किती लहान? माप सांगा ना.”

आणि कर. जीएसटी आला तेव्हा मी त्यांना समजावून सांगितले, की ठरावीक उलाढालीच्या आत असलेल्यांना नोंदणीची गरज नाही. तुम्हाला कर भरायचा नाही. भाऊंनी हातातले पितळी बकल फिरवून पाहिले.

“मी भरत नाई म्हणता. मंग हे बकल घेतलं त्याच्यावर कोणं भरला?”

“तो किमतीतच आला.”

“म्हणजे भरला तं मीच. फक्त पावती माह्या नावाची नाई.”

नोंदणी नसलेल्याला मालावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही आणि नोंदणी करायची तर दर ठरावीक काळाने विवरण भरत राहावे लागते. नागपूरचे एक दुकानदार नियमित चपलांचे जोड घ्यायला तयार होते. त्यांना नोंदणी क्रमांकाचे बिल हवे होते. भाऊंनी तीन दिवस विचार केला आणि नको म्हणून कळवले. “नंबर घेतला अन् एखादा कागद भराचा राह्यला तं? हातातली आरी सोडून मी हापिसाच्या खिडक्या पाहत फिरू का?”

त्याच आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. मी तिचे वर्णन नेमके करणार आहे, कारण या टिपणाचे मूळ तीच आहे.

मी तेव्हा नववीच्या वर्गाला नवी करपद्धती शिकवत होतो. अनेक जुने कर जाऊन एक कर आला, हे वाक्य मी फळ्यावर लिहिले होते. संध्याकाळी भाऊ आले. त्यांच्या हातात बऱ्याच वर्षांपूर्वीचे, पिवळे पडलेले, जाड कागदाचे एक पत्र होते. गिरडच्या अलीकडच्या एका गावच्या ग्रामपंचायतीने, गावात मेलेली जनावरे उचलण्यास व कातडे नेण्यास भाऊंना दिलेली ती परवानगी होती. मुदतीचा उल्लेख त्यात नव्हता. मी तारीख पाहिली, कागदाचा रंग पाहिला आणि मजकूर वाचला नाही.

“भाऊ, आता सगळे जुने एकात आले. हा गेला. कापा.”

भाऊंनी पुन्हा विचारले, “नक्की ना?”

“नक्की.”

कर आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी विद्यार्थ्यांना परीक्षेत विचारले असते आणि चुकणाऱ्याचे गुण कापले असते.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावाहून निरोप आला. एका शेतकऱ्याचा सोन्या नावाचा सोळा वर्षांचा बैल म्हातारपणाने मेला होता. भाऊ निघाले. चिठ्ठी लिहिण्यासाठी त्यांनी मला सोबत घेतले. माझे अक्षर त्यांना आवडे. भाऊंनी दुपारपर्यंत काम उरकले, कातड्याला घरी पोचेपर्यंत पुरेल एवढेच मीठ लावले, ते पोत्यात बांधले आणि मी लिहिलेली चिठ्ठी पोत्याच्या तोंडाला अडकवली. मालवाहू ऑटोत आम्ही दोघे पोत्याशेजारी बसलो. बोरगावच्या बाहेर एका शेतात त्यांचे हौद होते. संध्याकाळच्या आत कातडे चुन्याच्या पाण्यात पडायला हवे होते. ऊन असे होते की पत्र्याला हात लावता येत नव्हता.

रस्त्यातल्या एका चौकीवर ऑटो थांबवला गेला. जमादार वयस्क होते, बोलायला शांत होते.

“पोत्यात काय हाय?”

दुसरा कोणीही ‘कातडं’ म्हणाला असता. भाऊ म्हणाले, “बैल हाय साहेब.”

जमादारांनी पोत्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. “पोत्यात बैल?”

“सोन्या त्याचं नाव. चिठ्ठी वाचा, सारं लिहेल हाय.”

समोरच्या चहाच्या टपरीवरून चार-पाच तरुण उठून जवळ आले. एकाने मोबाइल वर धरला. आपल्या राज्यात गाय-बैल मारण्यास बंदी आहे. मेलेल्या जनावराचे कातडे काढणे हा त्या बंदीचा भाग नाही, असे मी आज लिहू शकतो. त्या वेळी मी चिठ्ठीकडे पाहिले. माझ्या सुवाच्य अक्षरातला ‘बैल’ हा शब्द उन्हात स्पष्ट दिसत होता आणि तो मी लिहिला नसता तर बरे झाले असते, असे मला वाटले. भाऊंना तसे वाटले नसावे. ते पोत्यावर हात ठेवून उभे होते.

जमादारांनी त्या तरुणांना मागे सारले आणि चिठ्ठी वाचली. “म्हातारपणानं मेला, हे कोणं लिहिलं?”

“मी,” मी म्हणालो.

“तुम्ही ढोरायचे डॉक्टर हा का?”

“नाही. शिक्षक.”

“मंग तुम्हाले बैलाचं म्हातारपण काय समजते?” ते भाऊंकडे वळले. “हे पाहा, मले तुमच्यावर शक नाई. पण इतके लोक पाहून राह्यले. उचलाची परवानगी हाय का? कागद दाखवा अन् जा.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. वर्गात उत्तर चुकलेला मुलगा शिक्षकाकडे पाहतो, तसे ते माझ्याकडे पाहत होते, जणू चूक त्यांचीच असावी.

“होती साहेब. आता ते डावं पाऊल हाय. सात नंबरचं.”

पोते चौकीत ठेवून आम्ही बोरगावला गेलो. भाऊंनी नमुन्यांच्या पेटीतून ते पाऊल काढले. ते कापताना उरलेले तुकडेही बिस्किटाच्या डब्यात होते, कारण ते काहीही फेकत नसत. चौकीच्या टेबलावर आम्ही परवानगी जुळवू लागलो. सरपंचाची सही अंगठ्यापाशी आली. शिक्का टाचेवर, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. जमादार मान वाकवून वाचत होते. मध्येच म्हणाले, “जावक नंबर कुठं हाय? नंबर नाई तं ग्रामसेवक काय पाहीन?”

वरचा उजवा कोपरा नव्हता. भाऊंनी डबा उलटा केला. नव्हता. मग त्यांनी डोळे मिटले. आपल्या हाताचे एकेक काम त्यांना आठवत असे.

“मास्तर,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुमची डावी काढा.”

मी चप्पल काढून दिली. भाऊंनी खिशातली रापी काढून टाचेवरची शिवण उसवली. चामड्याखाली तो कोपरा चौपदरी घडी होऊन बसला होता. माझ्या घामाने तो तपकिरी झाला होता, पण जावक क्रमांक वाचता येत होता. ज्या कागदाला मी ‘गेला’ म्हणालो होतो, त्याच्याच आधाराने मी वर्षभर सरळ चालत होतो.

जमादारांनी ग्रामसेवकांना फोन लावला. त्यांच्याकडे चार गावे होती. जावक नोंदवही कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्यापाशी. ते सोमवारी येणार होते. त्या दिवशी शुक्रवार होता.

“साहेब, मीठ तरी लावू द्या,” भाऊ म्हणाले.

“जप्त मालाले हात नाई लावता येत, बाबा. मी लावू देल्लं तं उद्या मलेच इचारतीन.” त्यांनाही एक नियम लागू होता आणि तो चालू होता.

शनिवारी आणि रविवारी भाऊ चौकीपर्यंत जाऊन आले. पोते व्हरांड्याच्या कोपऱ्यात होते. भाऊ रस्त्याच्या पलीकडे उभे राहत आणि परत येत. सोमवारी दुपारी नोंदवही उघडली, क्रमांक सापडला, परवानगी खरी ठरली आणि ती अद्याप रद्द झालेली नव्हती. जमादारांनी स्वतः उठून पोते दिले. भाऊंनी तेथेच तोंड सोडले. वास आला. त्यांनी पाठीवरचे केस दोन बोटांत धरून ओढले. केसांबरोबर वरची सालही आली.

“मास्तर, हा गेला,” ते म्हणाले. “याच्यात कोणाले विचाराचं काम नाई.”

कातडे त्यांनी हौदाशेजारी पुरले. चिठ्ठी काढून घेतली.

त्यानंतर भाऊंनी मेलेल्या जनावराचे कातडे आणले नाही. बाहेरगावचे तयार चामडे बिलावर येऊ लागले. ते कोणत्या जनावराचे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसे. आतल्या तळावर टाच टेकते तेथे भाऊ आता बिलाचा क्रमांक लिहीत. माझी चप्पल त्यांनी दुसऱ्याच दिवशी शिवून दिली. टाचेखाली कागदाऐवजी चामड्याचे दोन तुकडे घातले. माझ्याकडे ते पूर्वीसारखेच येत, चहा घेत, शाळेतल्या गोष्टी काढत. पण ‘चालू हाय का गेला’ हा प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारला नाही. मी एकदा आपण होऊन म्हणालो, “भाऊ, तो कागद मी वाचायला हवा होता.” ते आरीला मेण लावत म्हणाले, “तुमचं चुकलं नाई मास्तर. ‘तुम्हाले हे कोणं सांगितलं’ असं तुम्हाले आजवर कोणी विचारलंच नव्हतं.”

गेल्या वर्षी भाऊ वारले. तेरावे झाल्यावर वहिनींनी खाटेखालचा गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवला. सुतळीने बांधलेले एकेचाळीस कागद होते. सर्वांत वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती : सोन्या बैल, गाव, वय, म्हातारपण.

“आता आरी माह्या हातात हाय,” वहिनी म्हणाल्या. “नमुन्याले कागद पाह्यजे. यातले चालू कोणते अन् गेलेले कोणते, तेवढं पाहून सांगजा. त्यायच्यासारखं मले भेत भेत शिवाचं नाई.”

तो गठ्ठा घेऊन मी आजवर पाच कार्यालयांत गेलो. काही कागदांवर मला तोंडी उत्तर मिळाले, काहींवर दुसऱ्या कार्यालयाचे नाव मिळाले. एका ठिकाणी साहेबांनी तारीख पाहिली, कागदाचा रंग पाहिला आणि मजकूर न वाचताच म्हणाले, “हे जुनं आहे हो, गेलं असेल.” मी तो कागद परत घेतला. लेखी उत्तर केवळ सहा कागदांवर आहे. वहिनी अजून विकतचा पुठ्ठा आणून नमुने कापतात आणि प्रत्येक वेळी मला विचारतात.

म्हणून ज्या प्रश्नाने सुरुवात केली, त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. करातील सूट, परवानगी, कातड्याची वाहतूक यांविषयी वर जे लिहिले आहे, ते मी शक्य तेवढे विचारून लिहिले आहे. परंतु एकदा माझ्या ‘नक्की’ या शब्दावर एका माणसाने रापी चालवली होती. चामड्याचे काम करणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे, की माझ्या सांगण्यावर जाऊ नये. आपापल्या कार्यालयात स्वतः जावे, विचारावे, उत्तर लेखी घ्यावे, त्यावरचा जावक क्रमांक पाहावा. आणि तोवर एकही कागद कापू नये.